शिफ्ट लाइट पेटत नाही? नवा दिवा घेण्याआधी मीटर हातात घ्या

दोन वर्षांपूर्वी मी १९९२ची माझदा मियाटा घेतली. दोन सीटची, लाल, छत हाताने मागे टाकायचं आणि बटण दाबलं की हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणार. आधीच्या मालकाने स्टिअरिंगच्या मागे, डॅशबोर्डवर, बाहेरून आणलेला शिफ्ट लाइट बसवला होता. इंजिन ठरावीक आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या आकड्याला) पोचलं की हा दिवा पेटतो आणि सांगतो, ‘आता वरचा गिअर टाक’. आमचा पेटायचाच नाही.

इथे ओहायोत उन्हाळ्यात ऑटोक्रॉस असतं. मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये केशरी शंकू मांडतात आणि त्यातून एकेका गाडीने घड्याळ लावून जायचं. तिथे नजर पुढच्या शंकूवर असते, टॅकोमीटरकडे, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्याकडे, बघायला सवड नसते, म्हणून हा दिवा. पहिल्या दोन स्पर्धा मी तो मेलेला दिवा घेऊन चालवल्या. मग नवा आणला. तोही पेटेना. तेव्हा सांगलीला बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी तीस वर्षं ट्रकच्या वायरिंगची कामं केली. मियाटा त्यांनी कधी पाहिलेली नाही. ते म्हणाले, “अगं, दिवा कशाला बदललास? आधी अर्थिंग बघायचं.”

अर्धा दोष अर्थिंगचाच निघाला. उरलेला अर्धा कशाचा ते सहाव्या पायरीवर सांगते. खालचा क्रम जुन्या, १.६ लिटरच्या मियाटावर शिकलेला आहे. पण बाहेरून बसवलेला दिवा कुठल्याही चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत असला, तरी तपासायची रीत हीच.

काय काय लागेल

डिजिटल मल्टिमीटर, आणि त्यावर हर्ट्झ मोजायची सोय हवीच. साध्या, स्वस्त मीटरवरही ती बहुतेक असते. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली चारेक मीटर लांब वायर (मियाटाची बॅटरी बॉनेटखाली नाही, डिकीत आहे, म्हणून एवढी लांब). डिसमिस, फुली स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायची आणि क्रिंप करायची पक्कड, थोडी हीट श्रिंक नळी (गरम केली की वायरवर आवळून बसते ती), बारीक सँडपेपर, दोन-चार जादा फ्यूज.

कागदपत्रांत दोनच गोष्टी लागतात. एक, तुमच्या दिव्याचं माहितीपत्रक. डबा फेकला असेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून उतरवून घ्या. दोन, गाडीच्या त्याच वर्षाची वायरिंग डायग्रॅम. १९९०-९३ची १.६ लिटरची मियाटा आणि १९९४ पासूनची १.८ लिटरची यांच्या इग्निशनमध्ये फरक आहे, तेव्हा ‘मियाटाची डायग्रॅम’ एवढ्यावर समाधान मानू नका.

वायर हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी काढले नव्हते. नंतर दोन सारख्याच काळ्या वायरी हातात धरून बसले होते.

१. तुमचा दिवा नक्की कुठला, ते ठरवा

ही पायरी गाळून लोक नसलेला बिघाड शोधत बसतात. वरचा गिअर टाका असं सांगणारे दिवे तीन तऱ्हांचे असतात.

पहिला इंधन वाचवण्यासाठीचा. वर जाणारा बाण किंवा ‘शिफ्ट’ असा शब्द, आणि तो दोन-अडीच हजारालाच पेटतो. १९८४च्या पॉन्टियाक फिएरोत असा दिवा होता, आज भारतातल्या कित्येक साध्या गाड्यांतही बाण असतो. तो लवकर पेटतो ही तक्रार असेल, तर तक्रारच चुकीची आहे. १९८९ पासूनच्या सहा गिअरच्या कॉर्व्हेटमध्ये तर आणखी गंमत. हळू चालवताना दिवा लागतो आणि गाडी पहिल्यावरून थेट चौथ्यात ढकलते. जुनी कॉर्व्हेट नव्याने घेणारे गिअरबॉक्स गेला म्हणून धास्तावतात.

दुसरा कंपनी फिटिंगचा, रेडलाइनजवळ (टॅकोवरचा लाल पट्टा सुरू होतो तिथे) पेटणारा. निस्सान ३५०झेडच्या टॅकोमीटरमध्ये असा दिवा आहे आणि तो कितीला पेटावा ते गाडीच्या मेन्यूतून ठरवता येतं. असा दिवा गप्प असेल तर आधी गाडीचं मॅन्युअल उघडा. बहुधा कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो.

तिसरा बाहेरून आणून बसवलेला. पुढचं सगळं याच्यासाठी.

२. गाडी न पळवता दिवा पेटवायचा प्रयत्न करा

दिवा ६८००ला लावलेला आहे म्हणून इंजिन जागेवर ६८००पर्यंत रेझ करू नका. शेजारी वैतागतील ते वेगळंच, पण भार नसलेलं इंजिन एवढं ताणणं बरं नाही. उलट करा: दिव्याचा आकडा खाली आणा. बटणाचा किंवा चकतीचा दिवा असेल तर २५०० लावा. काही जुन्या दिव्यांत आकड्याची छोटी गोळी खोचायची असते, त्यात सगळ्यांत कमी आकड्याची घाला.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गॅरेजचं दार सताड उघडं. इंजिन नीट तापलं की हळूहळू रेझ करा.

२५००च्या आसपास पेटला, तर करंट, अर्थिंग, सिग्नल तिन्ही ठीक आहेत. थेट आठव्या आणि नवव्या पायरीकडे जा. पेटला पण साफ वेगळ्याच आकड्याला, तर सहावी पायरी. पेटलाच नाही, तर पुढे वाचा.

३. करंट पोचतोय का?

बऱ्याच दिव्यांत चावी ऑन केल्यावर एकदा लुकलुकायची सोय असते. तुमच्या माहितीपत्रकात तसं लिहिलंय आणि दिवा लुकलुकत नाही, तर दोष बहुधा करंट किंवा अर्थिंगमध्ये आहे. सिग्नलकडे जाऊच नका.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब गाडीच्या उघड्या धातूला, लाल प्रोब दिव्याच्या पॉझिटिव्ह वायरला. चावी ऑन, इंजिन बंद असताना १२च्या वर व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साधारण १४. शून्य आलं तर मागे मागे जात फ्यूज बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, काढून मीटरने तपासा. केसाएवढी चीर दिसत नाही.

चावी काढल्यावरही तिथे १२ व्होल्ट दिसत असतील, तर कुणीतरी करंट थेट बॅटरीवरून घेतलाय. मियाटाची बॅटरी लहान असते. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की सोमवारी सकाळी ढकलस्टार्ट. चावीसोबत चालू-बंद होणाऱ्या वायरवरून करंट घ्या आणि मध्ये माहितीपत्रकात सांगितलाय तेवढाच फ्यूज घाला.

डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातली वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, टेस्ट लॅम्प तर मुळीच नको. ती एअरबॅगची वायर असते. तिच्या जवळपास काम असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा.

४. अर्थिंग, म्हणजे बाबांचा लाडका विषय

माझ्या दिव्याची काळी वायर डॅशमागच्या एका पट्टीला स्क्रूने घट्ट आवळलेली होती. दिसायला झकास. पट्टी लोखंडाची, पण तिच्यावर कारखान्याचा काळा रंग, आणि स्क्रूखालचा वॉशर त्या रंगावरच बसलेला. स्क्रूच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क व्हायचा. त्यामुळे कधी लुकलुक, कधी काहीच नाही.

तपासायची पद्धत सोपी. लांब वायरची एक क्लिप डिकीत बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, वायर दोन सीटच्या मधून पुढे आणा आणि दुसरी क्लिप दिव्याच्या काळ्या वायरच्या उघड्या टोकाला. आता दिवा जागा झाला तर चोर सापडला. मीटरनेही बघता येतं: दिवा पेटलेला असताना त्याच्या स्वतःच्या दोन वायरींमध्ये व्होल्ट मोजा, मग बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

दुरुस्ती: रंग सँडपेपरने खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, गोल टर्मिनल क्रिंप करा, आवळा. नुसती वायर पिळून स्क्रूखाली दाबणं हा तात्पुरता उपाय असतो आणि दहा वर्षं तसाच राहतो.

५. सिग्नल: हर्ट्झ गुणिले तीस

दिव्याला आरपीएम कळतो तो इग्निशनच्या ठोक्यांवरून. चार स्ट्रोक, चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, म्हणून टॅकोच्या वायरवर फेऱ्याला दोन ठोके. मीटर हर्ट्झमध्ये सेकंदाचे ठोके दाखवतो. साठने गुणा, दोनने भागा, म्हणजे सरळ तीसने गुणा. ९०० आरपीएमला ३० हर्ट्झ, ३०००ला १००, ६६००ला २२०. हे एवढं पाठ झालं की मीटर तुमचा दुसरा टॅकोमीटर झाला.

मियाटात हा सिग्नल मिळायची सोपी जागा आहे. बॉनेटखाली एक छोटी काळी डबी असते, डायग्नोसिसची. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक खाचेचं नाव लिहिलेलं आहे. त्यातली ‘आयजी मायनस’ म्हणजे टॅकोचा सिग्नल. काळा प्रोब अर्थला, लाल त्या खाचेत, इंजिन आयडलला (एक्सिलरेटरला पाय न लावता). २८-३०च्या आसपास स्थिर आकडा हवा. शेजारच्या खाचेत चुकूनही प्रोब टेकवू नका. तिथे बॅटरीचा आणि पेट्रोल पंपाचाही संबंध आहे.

आता तोच आकडा दिव्यापाशी, त्याच्या सिग्नलच्या वायरला मोजा. डबीत ३० आणि दिव्यापाशी शून्य किंवा उड्या मारणारा आकडा, तर मधली वायर किंवा तिचा जोड खराब. नव्वद टक्के वेळा तिथे निळ्या प्लास्टिकची ती चिमट्यासारखी क्लिप सापडेल, जी वायर न कापता पक्कडने दाबून बसवतात. आतलं पातं वायरच्या अर्ध्या तारा कापून टाकतं, उरलेल्या इंजिनच्या थरथरीने तुटतात. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, पण पैज लावायला तयार आहे.) क्लिप काढा, खराब तुकडा कापून टाका, नीट क्रिंप करून वर हीट श्रिंक.

सिग्नलवर साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि इग्नायटरवर (कॉइल चालू-बंद करणाऱ्या भागावर) ताण येतो. आणि सिग्नल थेट कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) निगेटिव्हवरून घ्यायचा मोह झाला तर आवरा. तिथे ठिणगी तुटताना काही शे व्होल्टचा झटका येतो, आणि नाजूक दिवा त्यात जातो.

एक आणखी लक्षण सांगते, कारण ते बघून लोक घाबरतात: शिफ्ट लाइट जोडल्यापासून गाडीचा मूळ टॅकोमीटरच मेला किंवा त्याचा काटा थरथरतो. दिव्याची सिग्नल वायर सोडवून बघा. टॅको जिवंत झाला, तर दिवा आतून सिग्नल खाली खेचतोय. अशा वेळी मात्र दिवा बदलणं हाच उपाय आहे. वायर सोडवूनही टॅको मेलेलाच असेल, तर दोष इग्निशनकडचा किंवा टॅकोचा स्वतःचा आहे, शिफ्ट लाइटचा नाही.

६. सिलिंडरचा आकडा

अर्थिंग नीट केल्यावर माझा नवा दिवा चावी ऑन केली की छान लुकलुकायचा. डबीत आणि दिव्यापाशी सारखे ३० हर्ट्झ. तरी ६८००ला ढिम्म. रविवारची अख्खी दुपार गेली. शेवटी तो उलटा केला तर मागे रबराच्या टोपणाखाली छोटी दोन बटणं, आणि ती आठ सिलिंडरवर. डब्यातून आला तोच तसा.

हिशोब करून बघा. आठ सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला चार ठोके. दिव्याला दोनच मिळतात, म्हणून त्याला वाटतं इंजिन निम्म्याने फिरतंय. ६८००ला पेटायला खरं इंजिन १३६००ला जायला हवं. टॅकोवर लाल पट्टा ७०००ला सुरू होतो आणि त्याच्या जरा वर गाडी स्वतःच पेट्रोल तोडते. दिवा जन्मात पेटला नसता.

याच हिशोबावरून दोष ओळखता येतो:

- २५००ला लावलेला दिवा ५०००ला पेटतो: दिवा आठवर आहे. किंवा सिग्नल एकाच कॉइलवरून घेतलाय. मियाटात दोन कॉइल आहेत, एक १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला, दुसरी २ आणि ३ला. एका कॉइलवर फेऱ्याला एकच ठोका, म्हणून आकडा निम्मा.
- ३७५०ला पेटतो: दिवा सहावर आहे.
- १२५०लाच पेटतो: दिवा दोन सिलिंडरवर आहे.

सिग्नल आयजी मायनसवरून आणि दिवा चारवर, एवढं ठेवा. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा (एक कॉइल आणि दोन सिलिंडर) दिवा बरोबर चालतो. चालू द्या, पण कुठेतरी लिहून ठेवा.

७. अवेळी लुकलुकतोय

आयडलला किंवा रस्त्यावर दोन हजारालाच मध्येच चमकत असेल तर वायर कुठून नेलीय ते बघा. मियाटाच्या कॉइल इंजिनच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) चिकटून आहेत, आणि सिग्नलची वायर नेमकी तिथूनच आत जाते. जुन्या प्लग वायरींचं आवरण तडकलं की त्यांची गळती शेजारच्या वायरीत शिरते. रात्री गॅरेजचे दिवे बंद करून चालू इंजिनाकडे बघा, प्लग वायरींवर बारीक निळी ठिणगी नाचताना दिसली तर उत्तर मिळालं. नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, आणि ओढणी, मोकळे केस पट्ट्यापासून लांब.

प्लग वायरी बदला, सिग्नलची वायर त्यांच्यापासून वीतभर लांबून न्या. समांतर नेण्याची वेळच आली तर जाळीच्या आवरणाची वायर वापरा.

८. आकडा किती ठेवायचा

नवे लोक दिवा ७०००ला लावतात आणि मग पेट्रोल तुटून गाडी अडखळते म्हणून दिव्याला शिव्या देतात. दिवा दिसणं, मेंदूने समजणं, पाय क्लचवर जाणं, यात पाव सेकंद तरी जातो. पहिल्या गिअरमध्ये ही गाडी सेकंदाला साधारण दोन हजारांनी चढते, म्हणजे पाव सेकंदात पाचशे. मी ६५००ला ठेवलाय. १.६ लिटरच्या इंजिनाची ११६ हॉर्सपॉवर तिथेच मिळते, त्यापुढे ताणून हाती काही लागत नाही. वरच्या गिअरमध्ये आरपीएम सावकाश चढतो, तिथे हा दिवा जरा घाईचा वाटेल. वाटू द्या.

लावण्याआधी गाडीचा टॅको हर्ट्झशी ताडून घ्या. माझा २०० हर्ट्झला, म्हणजे ६०००ला, ६२०० दाखवतो.

खरं सांगायचं तर ऑटोक्रॉसमध्ये गिअर एकदाच बदलतो, पहिल्यावरून दुसऱ्यात. दुसरा गिअर ताशी ५८ मैलांपर्यंत, म्हणजे ९३ किलोमीटरपर्यंत जातो आणि बहुतेक मैदानांवर तेवढं पुरतं. आणि चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी चुकून पहिल्यात टाकलात, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे पेट्रोल तोडूनही उपयोग नाही, हा दिवा तर फार उशिरा पेटेल.

९. पेटतो, पण दिसत नाही

सगळं दुरुस्त करून जुलैच्या स्पर्धेला गेले आणि दिवा पुन्हा ‘बंद’. छत उघडं, डोक्यावर बाराचं ऊन, दिवा पेटत होता आणि मला दिसत नव्हता. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टरने हाताची सावली धरली तेव्हा कळलं.

उघड्या गाडीत दिवा डॅशवर वर ठेवू नका. क्लस्टरच्या (स्टिअरिंगमागच्या मीटरच्या पॅनेलच्या) छज्ज्याखाली, सावलीत, पण रस्त्याकडे बघताना नजरेच्या कडेला येईल असा बसवा. सीटवर हेल्मेट घालून बसा आणि मग जागा ठरवा. हेल्मेटने वरचा बराच भाग झाकला जातो. आणि हेडलाइट लावल्यावर दिवा मंद होत असेल, तर त्याची मंद करायची वायर डॅशच्या लाइटला जोडलेली आहे. ढगाळ दिवशी हेडलाइट लावून पळणार असाल तर ती सोडवून टोकाला टेप लावा.

मी आता फ्यूजच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: चार सिलिंडर, ६५००, सिग्नल आयजी मायनस, अर्थ डावीकडच्या बोल्टला. फोटो बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “बोल्टला ग्रीस लाव, तिकडे बर्फ पडतो.”